एमआयटीवरून एजीपीएलवर जावं का? आधी सातबाऱ्यावरची नावं मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इनव्हॉइस आणि रिपोर्ट बनवून देणारा एक सर्व्हर आहे, त्याच्या पोटात पीडीएफ तयार करणारी एक लायब्ररी आहे, दोन्ही गेली आठ वर्षं एमआयटी लायसन्सखाली आहेत, म्हणजे नाव ठेवून कोणीही कोड घ्यावा, काहीही करावं. तुम्ही तिघं मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, आणि साठ-पासष्ट लोकांचे लहानमोठे कमिट, म्हणजे कोडमधले बदल. आता एका कंपनीने तोच सर्व्हर उचलून, वर स्वतःचा लोगो लावून, महिन्याच्या भाड्याने विकायला काढलाय, तुम्हाला दमडी नाही, वर त्यांच्या गिऱ्हाइकाला काही अडलं की ते इश्यू, म्हणजे तक्रारी, तुमच्याच रेपोत (कोड ठेवता त्या जागी) येऊन टाकतात. तुमच्यात तीन तट पडलेत, एक म्हणतो एजीपीएल करा (बदल करून नेटवर्कवर चालवलं तर ते बदल उघडे करायला लावणारं ओपन सोर्स लायसन्स), दुसरा म्हणतो बीएसएल करा (ठराविक वर्षं वापरावर बंधन घालणारं लायसन्स) म्हणजे कंपन्यांची नाकाबंदी होईल, तिसरा म्हणतो लायसन्सला हात लावलात तर मी चाललो. आणि तुम्ही विचारताय, यातलं कोणतं लायसन्स बरोबर.

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. बावीस-तेवीस वर्षं सर्व्हरच्या धंद्यात आहे, त्यातली बरीच ओपन सोर्सवर गेली, आणि दोन प्रोजेक्टचं लायसन्स बदलताना मी आतल्या गोटात होतो. एक पार पडलं. दुसरं असं बोंबललं की त्यातले दोघं आजही एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे जे सांगतोय ते पुस्तकातलं कमी आणि पोळलेलं जास्त आहे.

पहिली गोष्ट म्हणजे "कोणतं लायसन्स" हा प्रश्न तुम्ही फार लवकर विचारलात. जमीन विकायची का भाड्याने द्यायची यावर घरात भांडण्याआधी माणूस सातबारा काढतो आणि त्यावर नावं किती आहेत ते बघतो. कोडचंही तसंच आहे. कोणी तुमच्या रेपोत पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे आपला बदल घ्या म्हणून पाठवला, आणि तुम्ही तो मर्ज केला, म्हणजे आपल्या कोडमध्ये घेतला म्हणून त्या ओळी तुमच्या होत नाहीत. कॉपीराइट लिहिणाऱ्याचाच राहतो, त्याने फक्त एमआयटीच्या अटींवर ते तुम्हाला आणि जगाला वापरायला दिलंय. त्यातही तो नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं असेल तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, मालकी त्याच्या कंपनीची. म्हणजे सातबाऱ्यावर माणसांसोबत कंपन्यांचीही नावं असू शकतात, आणि हे कमिटमध्ये दिसत नाही, कारण पोरं आपला जीमेलचा आयडी टाकून ऑफिसच्या वेळेत कमिट मारतात.

ही नावं किती महागात पडतात हे बघायचं असेल तर व्हीएलसी प्लेयरचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१० मध्ये व्हीएलसी आयफोन-आयपॅडच्या ॲप स्टोअरवर आलं, प्रोजेक्टच्याच एका जुन्या डेव्हलपरने हरकत घेतली की ॲप स्टोअरच्या अटी व्हीएलसीच्या लायसन्सशी, जीपीएलशी, जुळत नाहीत, आणि जानेवारी २०११ मध्ये ॲपलने ते काढून टाकलं. मग व्हिडिओलॅनवाल्यांनी, म्हणजे व्हीएलसी बनवणाऱ्यांनी, ठरवलं की इंजिन जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्या सैल भावंडावर आणायचं. ठरवलं, पण कोडवर शेकडो लोकांचे हक्क, काही जण दहा वर्षांपूर्वी कॉलेजात असताना लिहून गेलेले, ईमेल बंद पडलेले. ज्याँ-बाप्तिस्त केम्फ यांनी एकेकाला शोधून लेखी होकार गोळा केले, कोअरचं काम २०११ च्या शेवटी झालं, प्लगइनचं बरंचसं २०१२ मध्ये, आणि आयफोनवर ते परत यायला २०१३ उजाडलं. एका लायसन्सच्या बदलासाठी अडीच-तीन वर्षं. आणि हे तर सगळे एकाच बाजूचे लोक, मधे कोणी खलनायक नाही.

लिनक्स कर्नलने तर तो नादच सोडला. जीपीएलची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये आली तेव्हा लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवल्ड्सला ती पटली नाही हे खरं, पण पटली असती तरी हजारो लोकांच्या, कंपन्यांच्या, मयत माणसांच्या वारसांच्या सह्या आणणार कुठून? आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो हे लक्षात घ्या. सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटला महाराष्ट्रात आता ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, आणि तेवढ्यावरसुद्धा लोक वर्षानुवर्षं कोर्टात असतात. जीपीएलसारख्या कॉपीलेफ्ट कोडचं, म्हणजे पुढे देताना त्याच अटी ठेवायला लावणाऱ्या कोडचं, लायसन्स बदलायला शंभर टक्के लागतात. एक आजोबा अडून बसले की संपलं, त्यांची खोली पाडून नवी बांधायची, म्हणजे त्यांचा कोड काढून नवा लिहायचा.

इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीने एक शॉर्टकट मारून बघितला. त्यांचं जुनं लायसन्स विचित्र होतं, जाहिरातीच्या कलमामुळे जीपीएलशी पटायचं नाही, म्हणून २०१५ मध्ये जाहीर केलं की अपाचे २.० या मोकळ्या लायसन्सवर जाणार. २०१७ मध्ये जुन्या कॉन्ट्रिब्यूटरना मेल गेले आणि त्यात एक वाक्य होतं की तुमच्याकडून काही कळलं नाही तर हरकत नाही असं आम्ही समजू. झालं, आगीत तेल. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या थिओ डी राट यांनी जाहीर धुतलं, आणि हेतू चांगला असूनही सगळी चर्चा त्या एका वाक्यावर गेली. आपल्याकडे मौनं संमतिलक्षणम् म्हणतात ते लग्नाच्या बैठकीत ठीक आहे, कॉपीराइटमध्ये मौनाला काही किंमत नाही. अपाचे लायसन्स असलेली ओपनएसएसएलची ३.० आवृत्ती बाहेर पडली ती सप्टेंबर २०२१ मध्ये.

आता तुमच्या केसमधली गंमत. तुमचा कोड एमआयटी आहे, कॉपीलेफ्ट नाही. एमआयटी म्हणतं की हा कोड घ्या, बदला, विका, काय वाटेल ते करा, फक्त माझं नाव आणि ही नोटीस सोबत ठेवा. हे जसं त्या कंपनीला लागू आहे तसं तुम्हालाही आहे! म्हणजे साठ जणांच्या एमआयटी ओळी तशाच नोटिशीसकट ठेवून, उद्यापासून तुम्ही तिघांनी लिहिलेला नवा कोड एजीपीएल किंवा बीएसएलखाली टाकून, सगळं एकत्र त्या अटींवर द्यायला कायद्याने कोणाची परवानगी लागत नाही. जुन्या ओळी एमआयटीच राहतात, पण पॅकेज म्हणून नवी अट लागते.

हे ऐकून तुमच्यातला बीएसएलवाला खूश होईल. थांबा जरा.

कारण नेमकं हेच रेडिस या डेटाबेसमध्ये झालं आणि ते प्रकरण मी जवळून बघितलं, आमच्याकडे तेव्हा रेडिसचे चाळीसेक इन्स्टन्स चालू होते. सल्वातोरे सानफिलिप्पो नावाच्या सिसिलीतल्या माणसाने २००९ मध्ये रेडिस लिहिलं, बीएसडी लायसन्स लावलं, म्हणजे एमआयटीचाच सख्खा भाऊ. जगभर पसरलं. पुढे रेडिस लॅब्ज नावाच्या कंपनीने त्याला नोकरी दिली, नंतर नाव आणि ट्रेडमार्क कंपनीकडे गेला, २०२० मध्ये तो मेंटेनरपदावरून बाजूला झाला. मधल्या काळात, २०१८ मध्ये, कंपनीने आपल्या जोड-मॉड्यूल्सचं लायसन्स कडक केलं तेव्हा ओरड झाली, आणि तेव्हा कंपनीने जाहीर लिहून दिलं की रेडिसचं कोअर बीएसडी आहे आणि बीएसडीच राहील. हे वाक्य लक्षात ठेवा. २० मार्च २०२४ ला त्याच कंपनीने जाहीर केलं की ७.४ पासून रेडिस बीएसडी नाही, त्यांचं स्वतःचं आरएसएएल किंवा मग एसएसपीएल (त्याबद्दल पुढे सांगतो), दोन्हीपैकी एक घ्या. ओपन सोर्स कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या व्याख्येत दोन्ही बसत नाहीत.

कायद्याने चूक होती का? नव्हती. बाहेरच्यांनी दिलेला कोड बीएसडीच होता, बीएसडी हे करू देतं. सीएलए, म्हणजे कॉन्ट्रिब्यूटरकडून सही घेतात तो करार, त्याचीसुद्धा गरज पडली नाही. पण आठ दिवसांत, २८ मार्चला, लिनक्स फाउंडेशनने व्हॅल्की जाहीर केलं, रेडिस ७.२.४ चा फोर्क, म्हणजे तोच कोड घेऊन काढलेली वेगळी शाखा, मागे ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल, एरिक्सन, स्नॅप. आणि ते चालवायला कोण, तर रेडिसच्याच जुन्या मेंटेनर टीममधले लोक, जे कंपनीच्या पगारावर नव्हते पण वर्षानुवर्षं कोड तपासत होते. या लोकांना राग पैशाचा नव्हता हो. आम्हाला लिहून दिलं होतं आणि न विचारता फिरवलं, हा राग होता. फेडोरासारख्या लिनक्सच्या डिस्ट्रोंनी रेडिस काढून व्हॅल्की घेतलं. आम्हीही सहा महिन्यांत सगळे इन्स्टन्स हलवले, आणि खरं सांगायचं तर तांत्रिक कारण शून्य होतं, आमच्या लीगलला नवीन लायसन्स वाचायचा कंटाळा होता एवढंच. कंपन्यांमध्ये निम्मे निर्णय असेच होतात.

पुढचं बघा. सानफिलिप्पो २०२४ च्या अखेरीस कंपनीत परत आला, आणि १ मे २०२५ ला रेडिस ८ आलं ते एजीपीएलचा तिसरा पर्याय घेऊन. म्हणजे चौदा महिन्यांत परत ओपन सोर्स. सर्च इंजिन बनवणाऱ्या इलॅस्टिक कंपनीचंही तेच, जानेवारी २०२१ मध्ये अपाचे सोडलं, ॲमेझॉनने ७.१० वरून ओपनसर्च काढलं, ऑगस्ट २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएल परत जोडलं. दोघं परत आले, पण मधल्या काळात फोर्क उभे राहिले ते राहिलेच, ते काही घरी गेले नाहीत. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

सर्व्हर उभारायला वापरतात त्या टेराफॉर्म टूलची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तुमच्या बीएसएलवाल्या मित्रासाठी ती महत्त्वाची. तिथे लायसन्स एमपीएल २.० होतं, म्हणजे हलकं कॉपीलेफ्ट, रेडिससारखं सरळ गुंडाळता आलं नसतं. पण ते बनवणाऱ्या हॅशिकॉर्प कंपनीने प्रत्येक कॉन्ट्रिब्यूटरकडून सीएलए घेऊन ठेवला होता. त्याच्या जोरावर १० ऑगस्ट २०२३ ला बीएसएल लावलं. महिन्या-दीड महिन्यात त्याचा फोर्क, ओपनटोफू, उभा राहिला. आणि तेव्हापासून सीएलए हा शब्द काढला की लोकांचे कान टवकारतात, कारण ज्यांनी ती सही "काहीतरी कागदपत्र असेल" म्हणून केली होती त्यांना पाच-सात वर्षांनी कळलं की आपण कोऱ्या चेकवर सही केली होती. तुम्ही आज लायसन्स बदलताना सोबत सीएलए आणलात तर लोक पहिला अर्थ हाच काढणार, की हे उद्या अजून एकदा बदलणार आहेत. दुधाने तोंड पोळलेली माणसं आहेत.

बरं, आता लायसन्स प्रत्यक्षात काय करतं त्यावर येतो, कारण तुमच्या एजीपीएलवाल्याचा एक मोठा गैरसमज दिसतोय, "एजीपीएल केलं की कंपनीला पैसे द्यावेच लागतील". नाही द्यावे लागणार. एजीपीएलचं कलम १३ म्हणतं की तुम्ही प्रोग्रॅममध्ये बदल केला आणि तो नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिला, तर त्या वापरणाऱ्यांना बदललेल्या प्रोग्रॅमचा सोर्स मिळाला पाहिजे. इतकंच. कंपनीने तुमचा सर्व्हर जसाच्या तसा चालवला, पुढे स्वतःचं पेमेंटचं पान वेगळं ठेवलं, तर ती आरामात विकू शकते. बदल केला तर बदल उघडे करायचे, पैसे तरीही नाहीत. एजीपीएलचा खरा उपयोग दोन जागी होतो. एक, सुधारणा लपवता येत नाहीत. दोन, बऱ्याच मोठ्या कंपन्यांना एजीपीएलची भीती वाटते (गूगलचं तर जाहीर धोरण आहे की आत एजीपीएल कोड वापरायचा नाही), त्यामुळे त्या म्हणतात आम्हाला वेगळं पैसे देऊन लायसन्स द्या. पण ते वेगळं लायसन्स द्यायला तुमच्याकडे नव्या कोडचे सगळे हक्क हवेत, म्हणजे गाडी फिरून परत सातबाऱ्यावर.

एसएसपीएल हे मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेलं एजीपीएलचं भावंड. त्यात कलम १३ ताणून असं केलंय की सेवा म्हणून विकत असाल तर नुसता प्रोग्रॅम नाही, त्याभोवतीचं बॅकअप, मॉनिटरिंग, मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर, सगळं उघडं करा. कोणीही करणार नाही हे गृहीत धरूनच लिहिलंय, सरळ "विकू नका" म्हणायच्या ऐवजी. मोंगोने ते मंजुरीसाठी ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडे नेलं आणि २०१९ मध्ये परत घेतलं. माझं मत विचाराल तर मला एसएसपीएलपेक्षा बीएसएल जास्त प्रामाणिक वाटतं, ते निदान तोंडावर सांगतं की हे आज ओपन सोर्स नाही, ठराविक वर्षांनी होईल, जास्तीत जास्त चार. मारियाडीबीवाल्यांची कल्पना ती. पण प्रामाणिक असलं तरी तुमच्यासाठी बरोबर आहे असं नाही.

का नाही? हॅशिकॉर्पकडे, रेडिसकडे पगारी इंजिनियर होते, लायसन्स बदलल्यावर पुढचा कोड लिहायला फौज होती. लायसन्स मागे लागू होत नाही ना, आज जे एमआयटी आहे ते कायमचं एमआयटी. तुम्ही बदल जाहीर केला की ती कंपनी शांतपणे शेवटची एमआयटी आवृत्ती उचलेल आणि तिथून पुढे स्वतः चालेल. तुम्ही तिघं, संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर, तिच्यापेक्षा जास्त वेगाने कोड लिहू शकाल का, हा हिशोब आहे. वर तुमच्यातला तिसरा निघून गेला आणि साठातले दहा चांगले कॉन्ट्रिब्यूटर चिडून तिकडे गेले तर ज्याला आवरायला निघालात त्यालाच तुम्ही टीम भरती करून दिलीत. फोर्कची धमकी नेहमी मोठ्या कंपनीला दुबळ्यांची वाटते, पण छोट्या प्रोजेक्टमध्ये फोर्क करायची ताकद समोरच्याकडेच जास्त असते.

मग आयत्या बिळावरचा हा नागोबा तसाच ठेवायचा? नाही. तुमच्याकडे एक हत्यार आहे ज्याबद्दल तिघांपैकी कोणीच बोललेलं दिसत नाही, आणि ते म्हणजे नाव. एमआयटीने कोड दिलाय, नाव नाही दिलं. त्यांचे गिऱ्हाईक तुमच्या रेपोत का येतात, कारण जाहिरातीत तुमच्या प्रोजेक्टचं नाव छापलंय. इलॅस्टिक आणि ॲमेझॉनचं भांडण आठवा, लायसन्स बदलून ॲमेझॉन थांबलं नाही, पण ट्रेडमार्कचा दावा चालू होता, ॲमेझॉनने २०२१ मध्ये सर्व्हिसचं नाव बदलून ओपनसर्च केलं आणि २०२२ च्या सुरुवातीला तडजोड झाली. रेडिसचा फोर्क निघाला तेव्हाही पहिली पंचाईत नावाचीच, काही दिवस तर ते बिचारे "प्लेसहोल्डरकेव्ही" नावाने फिरत होते. आणि आपल्याजवळचं बघायचं तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर, जीपीएल ३ आहे, जगभर कोणीही होस्ट करून विकतं, पण नाव कसं वापरायचं याचे नियम आहेत आणि स्वतः फ्रॅपे त्याच सॉफ्टवेअरचं होस्टिंग विकून कमावते. गंमत म्हणजे खालचं फ्रॅपे फ्रेमवर्क त्यांनी एमआयटीच ठेवलंय, वरचं ॲप जीपीएल. ही विभागणी डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन होतो, व्यक्तीच्या नावाने एका वर्गाला ४,५०० रुपये, तुम्हाला वर्ग ९ आणि ४२ लागतील, पहिला सॉफ्टवेअरसाठी, दुसरा होस्टेड सेवेसाठी. अर्ज कोणाच्या नावाने करायचा यावर मात्र तिघांनी आधी एक कागद करा, नाहीतर नवीन भांडण. आमचा जो प्रोजेक्ट बोंबलला म्हणालो त्यात हेच झालं, एकाने कोणाला न सांगता स्वतःच्या नावाने अर्ज केला होता, "तुमच्यासाठीच केला" म्हणाला, असेलही, पण त्या दिवसानंतर लायसन्सवर कोणी शांतपणे बोललंच नाही.

आता मी तुमच्या जागी असतो तर. लायब्ररीला हात लावला नसता. पीडीएफची लायब्ररी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन बसते, तिला एजीपीएल लावलं तर वापरणारे चार दिवसांत दुसरी शोधतील आणि त्यांच्याबरोबर बग सांगणारेही जातील. ती एमआयटीच. लायसन्स सैल करून फायदा झाल्याचं उदाहरण आपल्या भाषेच्या अगदी जवळचं आहे, लोहित फाँट, ज्यात तुम्ही-आम्ही लिनक्सवर मराठी वाचली. आधी जीपीएलखाली होते, आणि फाँटला जीपीएल लावलं की डॉक्युमेंटमध्ये एम्बेड केल्यावर काय होतं असले प्रश्न निघतात, म्हणून २०११ मध्ये रेड हॅट कंपनीने ते ओएफएल या फाँटसाठीच्या लायसन्सवर नेले. काही आरडाओरड नाही. कारण एक, हक्क एकाच घरात होते, आणि दोन, बदलाने कोणाच्या हातून काही काढून घेतलं नाही. दिशा महत्त्वाची असते, मोकळं करताना लोक एवढे चिडत नाहीत, आवळताना चिडतात.

सर्व्हरला मात्र पुढच्या मोठ्या आवृत्तीपासून एजीपीएल, याला माझा पाठिंबा आहे. कारण पैसे मिळतील म्हणून नाही, तर बदल लपवता येणार नाहीत म्हणून, आणि ते लायसन्स ओपन सोर्सच आहे त्यामुळे तिसऱ्या मित्राला निदान तोंड दाखवता येतं. पण कायद्याने परवानगी लागत नसली तरी मागा. साठ जणांची नाही तर निदान ज्यांचा सर्व्हरमध्ये खरा हात आहे त्यांची. गिट शॉर्टलॉग (कोणाचे किती कमिट ते दाखवणारी कमांड) मारून बघा, माझा अंदाज आहे पंधरा-वीस जणांचं मिळून नव्वद टक्के काम निघेल, बाकीचे स्पेलिंग आणि भाषांतरवाले. सांगा की असं असं करायचं मनात आहे, कारण हे, लायब्ररी तशीच राहील, तुमचं काय म्हणणं. आमच्या पार पडलेल्या प्रोजेक्टमध्ये अठरा जणांना विचारलं होतं, तेरा एका आठवड्यात हो म्हणाले, दोघांनी नाही म्हणून सविस्तर कारण लिहिलं आणि त्यातल्या एकाच्या कारणामुळे आम्ही योजना बदलली, आणि दोघांच्या जुन्या कंपनीकडून कागद यायला पाच महिने गेले. अठरावा सापडलाच नाही.

होकार लेखी घ्या, मेल चालतो, पण त्यात कोणता कोड आणि कोणत्या लायसन्सखाली ते स्पष्ट असू द्या. आणि कोणी उत्साहाने "मी माझे सगळे हक्क प्रोजेक्टला देतो" असं दोन ओळींत लिहून दिलं तर त्यावर फार विसंबू नका, आपल्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतराचा सही असलेला कागद लागतो, त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. इंटरनेटवर जगभर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला हे किती हास्यास्पद होतं बघा. पुढच्या कॉन्ट्रिब्यूटरसाठी सीएलए आणू नका, कर्नलवाले २००४ पासून डीसीओ वापरतात ना, प्रत्येक कमिटखाली साइन्ड-ऑफ-बायची एक ओळ, "हे मी लिहिलंय आणि द्यायचा मला हक्क आहे", तेवढं बास. यात तुमचाही हात बांधला जातो, उद्या तुम्हाला एकट्याला परत फिरवता येणार नाही, पैसे घेऊन वेगळं लायसन्स विकायचा मार्गही जवळपास बंद होतो. लोकांना नेमकं तेच बघायचं असतं.

आणि त्या कंपनीला एकदा सरळ फोन करा की. हे कोणी करत नाही, सगळे आधी लायसन्सची तलवार काढतात. आठ वर्षांत तुम्ही त्यांना एकदाही बिल पाठवलंय का? बऱ्याचदा आतल्या माणसाला द्यायचे असतात, पण दान द्यायला त्यांच्याकडे रकाना नसतो, सपोर्टच्या कराराला असतो, जीएसटीचं इनव्हॉइस असलं की परचेसवाला डोळे मिटून सही करतो. (इनव्हॉइस बनवणारं सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहेच.) नाही म्हणाले तर नावाची नोटीस, तीही सौम्य भाषेत.

मेलचा मसुदा बनवाल तेव्हा "उत्तर आलं नाही तर होकार समजू" हे वाक्य कृपा करून टाकू नका, त्याऐवजी लिहा की उत्तर आलं नाही तर तुमचा कोड आम्ही एमआयटीखाली तुमच्या नावासकट तसाच ठेवू. एमआयटी असल्यामुळे तुम्हाला हे परवडतं, व्हीएलसीवाल्यांना परवडलं नसतं. आणि जो स्पष्ट नाही म्हणेल त्याच्या ओळी मोजा, आमच्याकडे त्या साडेतीनशे भरल्या, कायद्याने ठेवता आल्या असत्या, पण तो माणूस रोज समोर दिसायचा, म्हणून दोन शनिवार बसून नव्याने लिहिल्या आणि जुन्या काढल्या. तो अजूनही बग रिपोर्ट टाकतो.